बाकू: तेलाचा पैसा आणि शहराचा सूर

कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम काठावर अबशेरॉन नावाचं रुक्ष, वाऱ्याने झोडपलेलं द्वीपकल्प आहे. बाकू शहर त्याच्या दक्षिण किनाऱ्याला वसलं आहे आणि शहराबाहेर सुराखनी गावात आतेशगाह हे अग्निमंदिर आहे. पंचकोनी तटबंदीच्या आत यात्रेकरूंसाठी बांधलेल्या कोठड्या आहेत आणि त्यांच्या दारांवर शिलालेख आहेत. बहुतेक देवनागरीत, एखाददुसरा गुरुमुखीत, एक फारसीत. देवनागरी लेखांत गणपतीला नमन आहे, ज्वालाजीचं नाव आहे, विक्रम संवताचे आकडे आहेत. सतराव्या-अठराव्या शतकात मुलतानकडचे व्यापारी इराणमार्गे इथपर्यंत यायचे. बाकूच्या जुन्या तटबंदीत त्यांच्या नावाची सराई अजून उभी आहे. जमिनीतून आपसूक पेटत राहणारा वायू हीच त्यांची इथली देवता होती.

1850 च्या दशकाच्या अखेरीस वसिली कोकोरेव या रशियन व्यापाऱ्याने या मंदिराला लागूनच रॉकेल काढण्याचा कारखाना घातला. त्याला सल्ला द्यायला 1863 मध्ये मेंदेलेयेव येऊन गेला. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला रसायनशास्त्रज्ञ तो हाच. शतक संपण्याआधीच मंदिरातली पूजा थांबली. आसपासचा वायू उपसला जात राहिला आणि 1969 मध्ये ती ज्वाला विझली. आज तिथे दिसते ती नळाने आणलेल्या गॅसवरची ज्योत.

तेलाच्या धंद्याने बाकूचं बरंच काही असं पुसून टाकलं. पण ज्याला आपण आज बाकूची संस्कृती म्हणतो, ती नाटकगृहं, शाळा, वृत्तपत्रं, ऑपेरा, जॅझ, हेसुद्धा याच तेलाच्या पैशावर उभं राहिलं. मला या इतिहासात सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न हा, की जमिनीतून वर आलेला पैसा कोणाच्या हाती गेला आणि त्या हातांना शहराची किती गरज होती. बाकूत याचं उत्तर दीडशे वर्षांत तीनदा बदललं, आणि दर वेळी शहराचं रूप पालटलं.

अबशेरॉनचे लोक तेल फार पूर्वीपासून काढत होते. हाताने विहीर खणायची, दोराने माणूस खाली सोडायचा, कातडी पखालीने तेल वर ओढायचं. बीबी-हेबत इथे 1840 च्या दशकात यंत्राने छिद्र पाडून विहीर खणली गेली, अमेरिकेतल्या ड्रेकच्या सुप्रसिद्ध विहिरीच्या दहाएक वर्षं आधी. पण झारच्या राज्यात तेलाचा मक्ता एकेका मक्तेदाराला मिळायचा आणि मुदत संपायच्या आत ओरबाडता येईल तेवढं ओरबाडणं यापलीकडे त्याला कशात रस नसायचा. 1872 मध्ये ही पद्धत मोडली. सरकारने जमिनीचे तुकडे पाडून लिलाव मांडला आणि शहराचं नशीब फिरलं.

1873 मध्ये स्वीडिश उद्योजक घराण्यातला रॉबर्ट नोबेल बाकूत उतरला. भाऊ लुडविगच्या बंदुकीच्या कारखान्यासाठी दस्त्यांना अक्रोडाचं लाकूड हवं होतं, तेवढ्यापुरता तो आला होता. लाकडाचे पैसे त्याने एका तेलशुद्धीच्या कारखान्यात घातले. 1878 मध्ये लुडविगने ‘झोरोआस्टर’ हे तेलवाहू जहाज कॅस्पियनवर उतरवलं. तेल पिंपांऐवजी थेट टाक्यांत भरून नेणारं हे पहिलं यशस्वी जहाज. 1883 मध्ये बाकू ते काळ्या समुद्रावरचं बातुमी अशी रेल्वे झाली, पाठोपाठ रॉथशिल्ड हे बँकर घराणं आलं, आणि रशियन रॉकेलचे डबे मुंबईच्या बाजारात अमेरिकन डब्यांना टक्कर देऊ लागले. 1901 च्या सुमारास जगातलं निम्मं तेल या एवढ्याशा द्वीपकल्पातून निघत होतं. 1860 च्या दशकात पंधराएक हजार वस्तीचं गाव 1897 च्या जनगणनेत एक लाख बारा हजारांचं शहर झालं होतं.

या काळाचा वेडेपणा कळायला 1883 ची द्रुझ्बा विहीर पुरेशी आहे. एका छोट्या आर्मेनियन कंपनीच्या या विहिरीतून एकदम कारंजं फुटलं. तेल दोनशे फुटांहून उंच उडत होतं आणि ते झाकायची तोटी मालकांकडे नव्हती. आठवड्यांमागून आठवडे तेल वाहत राहिलं, त्याबरोबर वाळूचा पाऊस पडत राहिला. शेजाऱ्यांची घरं, यंत्रं, विहिरी गाडल्या गेल्या. शेजाऱ्यांनी भरपाई मागितली आणि त्या काळच्या सर्वांत मोठ्या कारंज्यांपैकी एकाचे मालक दिवाळखोर झाले.

शुद्धीकरणाचे कारखाने शहराच्या पूर्वेला एकवटले. धुराने सगळं काजळून गेलेल्या त्या भागाला नावच पडलं काळं शहर. प्यायला पाणी नाही, झाड नाही. आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वसाहत बांधताना नोबेल कंपनीला बाग लावायला माती बाहेरून आणावी लागली, आणि व्होल्गेकडे तेल घेऊन गेलेली जहाजं परतताना गोडं पाणी भरून आणत. ही ‘व्हिला पेट्रोलिया’ म्हणजे काळ्या शहराच्या काठावरचा हिरवा तुकडा होता, पण तो होता फक्त कंपनीच्या माणसांसाठी. संपूर्ण शहराचा विचार करणारी माणसं वेगळी होती.

त्यांतला अग्रणी हाजी झैनलाबदीन तागीयेव. चांभाराचा मुलगा, लहानपणापासून गवंड्याच्या हाताखाली राबलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला. लिलावानंतर त्याने भागीदारांबरोबर बीबी-हेबतला जमीन घेतली. बरीच वर्षं तेल लागेना. भागीदार कंटाळून हिस्सा विकून गेले, हा चिकटून राहिला, आणि मग कारंजं फुटलं. 1883 मध्ये त्याने शहरात नाटकगृह बांधलं. 1897 मध्ये तेलाचा व्यवसाय इंग्रजांना 50 लाख रूबलला विकला आणि पैसा कापडगिरणीत, वृत्तपत्रांत, शाळांत घातला. शहराला पाणी आणण्याच्या योजनेमागेही तो होता. विल्यम लिंडली या ब्रिटिश अभियंत्याने आखलेली, दूरच्या शोल्लारच्या झऱ्यांचं पाणी आणणारी नळवाहिनी 1917 मध्ये पूर्ण झाली.

पण त्याच्या सगळ्या कामांत थांबून पाहावं असं काम म्हणजे मुस्लिम मुलींची शाळा. तेव्हाच्या रशियन साम्राज्यात अशी निधर्मी शाळा नव्हती. सरकार परवानगी देईना आणि शहरातले मुल्ला ऐकेनात. दुसरा निकोलस गादीवर आल्यावर तागीयेवने शाळेला महाराणी अलेक्झांड्राचं नाव देण्याची तयारी दाखवली आणि वाट मोकळी झाली. धर्मगुरूंच्या विरोधावर तोड म्हणून त्याने एक मुल्ला मक्का-मदिनेला आणि इतर तीर्थस्थानी पाठवला आणि मुलींना शिकवणं धर्माविरुद्ध नाही असं मोठमोठ्या आलिमांकडून लिहून आणवलं, असं बाकूत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. 1901 मध्ये शाळा उघडली. मुख्याध्यापिका होत्या हनीफा मेलिकोवा. त्यांचे पती हसन-बेय झर्दाबी यांनी 1875 मध्ये ‘अकिंची’ हे अझरबैजानी भाषेतलं पहिलं वृत्तपत्र काढलं होतं. ‘अकिंची’ म्हणजे शेतकरी. इमारत उभारली युझेफ गोस्लावस्की या पोलिश वास्तुविशारदाने.

या एका इमारतीचं पुढचं आयुष्य पाहण्यासारखं आहे. 1918 च्या डिसेंबरमध्ये अझरबैजानच्या पहिल्या प्रजासत्ताकाची संसद इथेच भरली. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या देशांत आणि मुस्लिम जगात तर सर्वांत आधी या प्रजासत्ताकाचं नाव येतं. आज तिथे कवी फुझुलीच्या नावाची हस्तलिखित संस्था आहे. तेलविहिरीतून आलेला रूबल इतका लांबचा प्रवास करू शकतो हे मला थक्क करणारं वाटतं.

तागीयेव एकटा नव्हता, आणि हेच त्या काळाचं बळ. मुसा नागीयेव या चिकट म्हणून प्रसिद्ध असलेल्या तेलसम्राटाचा मुलगा इस्माईल क्षयाने गेला, तेव्हा बापाने त्याच्या स्मरणार्थ व्हेनिसच्या धर्तीचा इस्माइलिया हा महाल एका धर्मादाय संस्थेसाठी बांधून दिला. मायलोव या आर्मेनियन बंधूंनी 1911 मध्ये ऑपेरागृह उभारलं, तेही वर्षभराच्या आत. मुर्तुझा मुख्तारोवने बायकोसाठी फ्रेंच गॉथिक महाल बांधला. शेजाऱ्याने बांधलं तर आपणही बांधायचं, अशी ती चुरस होती. त्यात दिखाऊपणा होता, पण ही माणसं त्याच रस्त्यांवरून फिरत होती, त्याच शहरात त्यांना मान हवा होता, मुलांची लग्नं करायची होती, झारच्या नोकरशाहीपुढे आपला समाज मागासलेला नाही हे दाखवायचं होतं. म्हणून पैसा शहरात थांबला.

नुसत्या दानशूरांमुळे कला जन्माला येत नाही, हेही तितकंच खरं. 25 जानेवारी 1908 ला तागीयेवच्या नाटकगृहात ‘लैला-मजनू’ हा ऑपेरा झाला, तो लिहिला होता उझेयिर हाजीबेयोव या 22 वर्षांच्या शिक्षकाने. बीबी-हेबतच्या तेलवस्तीतल्या शाळेत तो शिकवायचा, वृत्तपत्रांत लिहायचा, मुलांसाठी गणिताचं पुस्तकही त्याने केलं होतं. फुझुलीचं सोळाव्या शतकातलं काव्य त्याने घेतलं आणि गाणं ठेवलं मुघामचं. मुघाम आपल्या रागाच्या फार जवळचा. चौकट ठरलेली, विस्तार गायकाचा. त्यामुळे त्या स्वरलिपीत कित्येक ठिकाणी स्वर लिहिलेलेच नाहीत. इथे अमुक मुघाम गावा, एवढीच नोंद. खाली वाद्यवृंदात व्हायोलिनच्या बरोबरीने तार हे तंतुवाद्य बसलेलं. मजनू झाला हुसेनगुली सराब्स्की. लैलेसाठी बाई मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून चहाच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाला उभं केलं. त्याच सुमाराला इकडे किर्लोस्कर नाटक मंडळीत बालगंधर्व शकुंतला रंगवत होते. दोन्हीकडे अभिजात गाणं रंगभूमीवर येत होतं, दोन्हीकडे नायिका पुरुष होता, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मराठी वाचकाला बाकू परकं वाटू नये यासाठी मला तरी एवढं पुरेसं आहे. बाकूचा ऑपेरा हंगाम आजही परंपरेने याच कृतीने उघडतो.

चार वर्षांनी, 1912 मध्ये, शोवकेत मामेदोवा ही तरुण गायिका बुरख्याविना त्याच रंगमंचावर आली. मिलानला शिकायला तिला तागीयेवच्याच घरातून मदत मिळाली होती. पण त्या दिवशी प्रेक्षागृहात हलकल्लोळ माजला आणि तिला शहर सोडून पळावं लागलं. मुलींची शाळा उघडून अकरा वर्षं झाली होती.

आणि महालांच्या मागे होत्या बालाखनी, साबुंची, बीबी-हेबत या तेलवस्त्या. इराणमधून पोटासाठी सरहद्द ओलांडून आलेले हजारो मजूर तेलात भिजलेल्या बराकींत राहत. 1898 मध्ये अलेक्झांडर मिशॉन या छायाचित्रकाराने बीबी-हेबतच्या जळत्या कारंज्याचं चित्रीकरण केलं. त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीतून अझरबैजानी सिनेमाची सुरुवात मानतात. सिनेमाला इथे पहिला विषय मिळाला तो तेलाचाच, आणि तोही आगीचा. 1904 च्या डिसेंबरमधल्या संपातून मालक आणि कामगार यांच्यात लेखी करार झाला, रशियातला अशा प्रकारचा पहिला. लोक त्याला ‘तेलाची राज्यघटना’ म्हणत. दोनच महिन्यांत आर्मेनियन आणि मुसलमान यांच्यात कत्तली सुरू झाल्या आणि 1905 च्या सप्टेंबरमध्ये तेलक्षेत्रच पेटलं. विहिरींचे मनोरे रांगेने जळाले. आशियातली बाजारपेठ अमेरिकन तेलाने पुन्हा काबीज केली. शाळा आणि नाटकगृहं बांधणाऱ्या तेलसम्राटांना आपल्याच मजुरांची वस्ती कधी नीट दिसली नाही, हा त्यांच्यावरचा आरोप मला पुसता येत नाही.

रशियन क्रांतीनंतरच्या अंदाधुंदीत, 1918 च्या मार्चमध्ये, हजारो मुसलमान मारले गेले, इस्माइलिया जाळला गेला. सप्टेंबरमध्ये आर्मेनियनांची पाळी आली. 28 एप्रिल 1920 ला बोल्शेविकांची लाल सेना शहरात शिरली. तेल राष्ट्रीय मालकीचं झालं, महाल जप्त झाले. मुख्तारोवने महालात शिरलेल्या सैनिकांवर गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःवर. तागीयेवला मर्दकानच्या बागेतल्या घरात राहू दिलं, तिथे 1924 मध्ये तो वारला. त्याच्या शहरातल्या प्रासादात आज इतिहास संग्रहालय आहे.

आता पैसा एकाच हाती गेला आणि तो हात मॉस्कोत होता. तरी पहिल्या वर्षांत एक विलक्षण गोष्ट घडली. 7 नोव्हेंबर 1922, क्रांतीचा पाचवा वाढदिवस. आर्सेनी अव्रामोव या संगीतकाराने अख्ख्या बाकूलाच वाद्यवृंद बनवलं. कॅस्पियनच्या आरमाराचे भोंगे, कारखान्यांच्या शिट्ट्या, आगगाडीची इंजिनं, तोफखाना, मशीनगन, विमानं आणि गाणारे जमाव. वाफेच्या शिट्ट्या सुरांत लावून त्याने खास वाद्य तयार केलं होतं. स्वतः उंच मनोऱ्यावर उभं राहून तो निशाणांनी इशारे देत होता. बंदराकडून भोंगे, मग तोफ, मग ‘इंटरनॅशनल’ हे कामगारगीत. या भोंग्यांच्या सिंफनीचं ध्वनिमुद्रण नाही. ज्या भोंग्यांवर मजुरांची पाळी सुरू आणि बंद व्हायची, त्याच भोंग्यांतून एक दिवस संगीत निघालं. दुसऱ्या कुठल्या शहराकडे असं वाद्य होतं?

सोव्हिएत राजवटीने संगीत विद्यालय दिलं, साक्षरता दिली, स्त्रियांना रंगमंच दिला. ते नाकारणं खोटेपणाचं होईल. पण 1920 च्या दशकात अरबी लिपी जाऊन लॅटिन आली आणि 1940 च्या सुमारास तीही जाऊन सिरिलिक. नातवाला आजोबाचं पत्र वाचता येईना. कवी मिकायिल मुश्फिक आणि अहमद जावाद यांना स्टालिनच्या काळात गोळ्या घातल्या. जावादच्या शब्दांना हाजीबेयोवने पहिल्या प्रजासत्ताकाच्या राष्ट्रगीतासाठी चाल दिली होती. हाजीबेयोव वाचला, त्याने सोव्हिएत अझरबैजानच्या राष्ट्रगीतालाही चाल दिली. सोव्हिएत संघ कोसळून अझरबैजान स्वतंत्र झाल्यावर जुनंच गीत पुन्हा राष्ट्रगीत झालं.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रणगाडे आणि विमानं मुख्यतः बाकूच्या तेलावर चालली. 1941 मध्ये इथून दोन कोटी टनांहून जास्त तेल निघालं आणि हिटलरच्या 1942 च्या दक्षिणेकडच्या मोहिमेचं लक्ष्य हेच होतं. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून विहिरी बुजवल्या, कसबी कामगार व्होल्गेकडे हलवले. युद्धानंतर देशाचं तेल तिकडेच सरकलं आणि बाकू मागे पडत गेलं. मग समुद्रात उतरणं आलं. 7 नोव्हेंबर 1949 ला नेफ्त दाशलारी, म्हणजे तेलाचे खडक, इथे तेल लागलं. भर समुद्रात जुनी जहाजं बुडवून पाया केला, त्यांतच नोबेलचं ‘झोरोआस्टर’ही होतं. खांबांवर रस्ते, घरं, मनोरे उभे राहिले. 1957 च्या वादळात मिखाईल कावेरोच्किन हा पहिली विहीर खणणारा कारागीर साथीदारांसह समुद्रात गेला.

या समुद्री वस्तीने बाकूला एक मोठा चित्रकार दिला. ताहिर सालाहोवच्या वडिलांना 1930 च्या दशकातल्या दमनात गोळी घातली होती. अधिकृत चित्रांतले हसरे, झेंडे फडकवणारे कामगार त्याने काढले नाहीत. त्याच्या 1960 च्या सुमाराच्या एका चित्रात दुरुस्तीला निघालेले तेलकामगार होडीत आहेत, आणि कोणी हसत नाही. राखाडी, काळा, थोडा लाल. तेलधंद्याच्या इतक्या वर्षांत कामगाराचा चेहरा इतक्या गांभीर्याने बाकूने प्रथमच पाहिला असं मला वाटतं.

जगभरची माणसं तेलासाठी आली, राहिली, त्यांच्या मुलांनी बाकूची म्हणून एक जात बनवली: ना पुरती अझरबैजानी, ना रशियन, ना आर्मेनियन, ना ज्यू. भौतिकशास्त्रज्ञ लांडाऊचा जन्म इथला, वडील तेल अभियंता. चेलोवादक रोस्त्रोपोविच इथला, बुद्धिबळपटू कास्पारोव इथला. याच मिसळीतून वागिफ मुस्तफाजादेने 1960-70 च्या दशकांत मुघाम आणि जॅझ एकाच पियानोवर आणले. 1990 च्या जानेवारीत आर्मेनियनांवर हल्ले होऊन उरलेसुरले आर्मेनियन शहर सोडून गेले, कास्पारोवही गेला. 20 जानेवारीला सोव्हिएत रणगाड्यांनी शहरात शिरून शंभराहून अधिक माणसं मारली. ती मिसळ पुन्हा जमली नाही.

तिसरा अध्याय स्वतंत्र अझरबैजानात, 20 सप्टेंबर 1994 ला सुरू झाला. परदेशी कंपन्यांशी झालेल्या त्या तेलकराराला बाकूत ‘शतकाचा करार’ म्हणतात. 2006 पर्यंत जॉर्जियामार्गे तुर्कस्तानच्या जेहानपर्यंत 1,768 किलोमीटरची नळवाहिनी वाहू लागली. 2013 मध्ये आपल्या ओएनजीसी विदेशनेही या तेलक्षेत्रात आणि नळवाहिनीत छोटा हिस्सा घेतला. पैशाचा लोट आला. ज्वालांच्या आकाराचे तीन काचेचे मनोरे, झाहा हदीदचं 2012 मधलं हैदर अलियेव केंद्र, गालिचा संग्रहालय, मुघाम केंद्र, युरोव्हिजन, फॉर्म्युला वनच्या मोटारी, आणि काळ्या शहराच्या जागी ‘पांढरं शहर’. हदीदची इमारत सुंदर आहे, त्यात शंका नाही. पण युरोव्हिजनआधीच्या बांधकामांसाठी लोकांची घरं सक्तीने रिकामी केल्याच्या तक्रारी ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवल्या. मुघामच्या स्पर्धा, महोत्सव, संग्रहालयं यांचा पोशिंदा आता बव्हंशी एकच आहे: सरकार आणि त्याभोवतीचं अलियेव घराणं. एकाने नकार दिला तर दुसऱ्याचं दार ठोठावावं, अशी सोय उझेयिर हाजीबेयोवच्या पिढीला होती. आजच्या तरुण संगीतकाराला ती उरलेली नाही.

आणि तेल उतरणीला लागलं आहे. 2010 मध्ये देशाचं उत्पादन पाच कोटी टनांच्या आसपास होतं, 2023 मध्ये ते तीन कोटींवर आलं. भिस्त आता युरोपला विकायच्या वायूवर आहे. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद बाकूत भरली, तीही बोयुकशोर तळ्याकाठच्या मैदानावर. तेलाच्या सांडपाण्याने दशकानुदशकं काळं झालेलं हे तळं काही भागापुरतं 2015 च्या युरोपीय खेळांच्या निमित्ताने साफ केलं होतं. तेल ही देवाची देणगी आहे, असं राष्ट्राध्यक्ष इल्हाम अलियेव त्या व्यासपीठावरून म्हणाले.

तागीयेवने 1890 च्या दशकात ‘कास्पी’ हे वृत्तपत्र विकत घेऊन सुशिक्षित मुसलमानांच्या हाती दिलं होतं. नंतरच्या पत्रांनाही त्याचा पैसा मिळाला आणि हाजीबेयोवसारखे शिक्षक त्यांतून लिहायला शिकले. हवामान परिषदेच्या वर्षभर आधी, 2023 च्या नोव्हेंबरपासून, सत्तेतल्या घराण्याचा आणि अधिकाऱ्यांचा पैसा कुठे जातो हे शोधणाऱ्या ‘अब्झास मीडिया’ या छोट्या संस्थेच्या पत्रकारांची धरपकड सुरू झाली. आरोप परकीय चलनाच्या तस्करीचा. जगभरचे प्रतिनिधी बाकूत उतरले तेव्हा ते कोठडीत होते, आणि 2025 च्या जूनमध्ये त्यांना कित्येक वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली गेली.